डीव्हीडीवाल्या आनंदभाऊची थापड

तुमाले वाटून राह्यलं असन का आता मी लिहीन, ‘एक हसतमुख, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व आपल्यातून निघून गेलं.’ तसं वाचाचं असन तं धानोऱ्याच्या बसस्टँडसमोर फ्लेक्स लागून हाय, तिथी जा. फोटोत आनंदभाऊ हासूनई राह्यले. तो फोटो कोनाच्या तरी लग्नातला हाय. बाजूचा मानूस कापून काढला, मनून खांद्यावर कोन्या उपऱ्याची चार बोटं तशीच राह्यली. मी तसं काई लिहनार नाई. रडाचं मनून रुमाल काढला असन तं परत खिशात घाला. मनमिळाऊ मानसाले भाऊ दुकानात उभंच नोते करत. आन हसतमुख? भाऊ हासले का लगेच कोनाले तरी हानत, मंगच त्याईले बरं वाटे.

या मानसानं मले इतकं हानलं का माया बापानं जन्मात हानलं नसन. आन शेवटी मी त्याईले एक हानला. एकच. त्याच्याचबद्दल हाय हे सारं. आता जरा सरका बाजूले, मले भाऊसंग बोलाचं हाय.

जोहार भाऊ.

मालूम हाय, तुमी काय मनान ते. “जय भीम मन बे, तोंड झिजते का तुयं?” मंग मी मनाचो, “तुमी जोहार मना, तुमचं झिजते का?” सम्यक व्हिडिओचं शटर पुरं वर जायाच्या आधीच आपला पह्यला राऊंड होऊन जाये.

पह्यली थापड आठवते? मी बारावी नापास होऊन घरी बसलो होतो. तुमच्या दुकानातून मारधाडीची एक डीव्हीडी नेली, आन पंधरा दिवस वापस आनली नाई. आनू कुठून? माया बापानं ती मक्याच्या वावरात टांगली होती, पोपट पळवाले. उन्हात अशी चमके का पोपट तं सोडा, डुकरंई बिचकत. मी ती सोडवून आनली तवा एका पोपटानं तिच्यावर आपला अभिप्राय देऊन ठेवला होता. तुमी डीव्हीडी हातात घेतली, उन्हाकडं धरली, एक डोळा मिटून मधातल्या छेदातून पाह्यलं, आन एकदम हळू इचारलं, “कोन खरवडलं रे हे?”

मी मनलं, “पोपटानं.”

थाप्प! कान असा गुंगला का सकाळच्या बसच्या कंडक्टरची शिट्टी मले सांजच्याले आयकू आली.

मंग तुमी ती मशीनमधी टाकून पाह्यली. शेवटच्या मारामारीत येऊन अटकली. हीरोचा बुक्का विलनच्या नाकापासून चार बोटं दूर, आन पुढं जाऊनच नाई राह्यला. हीरो तसाच उभा, विलन तसाच भेलेला. तुमच्या नाकपुड्या फुगत चालल्या. मले वाटलं आता दुसरी बसते. मनून मी भेवानं हीरोच्या आवाजात बोललो, “आनंदभाऊ, माया हात आखडला ना बे, मांगून जरा धक्का मारा!” मंग विलनच्या आवाजात, “राहू द्या ना भाऊ, पोपटानं वाचवलं मले!”

तुमी हासले. काउंटरले धरून हासले. आन हासून गेल्याचाच तुमाले राग आला, मनून थाप्प! दुसऱ्या कानावर. मंग मनलं, “कॅसेट हायस लेका तू. रविवारी संगं चाल माया.”

माय-बापानं ठेवलेलं मायं नाव तिथीच मेलं. तवापासून साऱ्या तालुक्यात मी कॅसेट.

त्या रविवारपासून आपन लय गावं फिरलो. तेंदूपत्त्याचा हंगाम सरला का गावंच्या गावं ‘व्हिडिओ’ मांगत. टीव्ही चादरीत गुंडाळून मोटरसायकलवर माया मांडीवर, आन जनरेटर मांगून बैलबंडीत. भर दुपारी समाजमंदिराच्या खिडक्यायले घोंगड्या बांधून अंधार कराचा, आन तीन पिच्चर लागोपाठ. कोनाले डीव्हीडी घरी न्याची असन तं डिपॉझिट मनून लोक मतदान कार्ड ठेवत. मतदानाच्या दिवशी अर्धा तालुका पह्यले तुमच्या दुकानात ये, मंग बूथवर जाये.

म्हाताऱ्यायले हिंदी समजे नाई, मनून तुमी आवाज बंद करत आन मले टीव्हीच्या बाजूनं उभं करत. हीरो, हीरोईन, तिची माय, विलन, विलनचं कुत्रं, पोलिसची जीप, सारं मीच. अर्धं आपल्या बोलीत, अर्धं गोंडीत. डीव्हीडी अटकली तरी मी अटकत नोतो. तुमी जनरेटरजवळ बाहेर बसत, पन तुमचा कान आत राहे. मी एकादी मारामारी आळसानं केली का घोंगडी सारून तुमचं मुंडकं आत ये, “हाड मोडलं ते आवाजावरून समजलं नाई बे! परत मोड!”

आन मंग तो मुनशी. फडीवर तेंदूपत्त्याचे पुडे मोजून घेनारा मानूस, पंधरा दिवस त्यानं त्या गावाले रडवलं होतं. बायका पहाटंपासून जंगलात वाकून पानं तोडत, आन हा पुडा हातात घेऊन नाकातून मने, “बारीक हाय, फेक.” मी विलनले त्याचाच आवाज देल्ला. विलन हीरोच्या माईले पाहून मनते, “बारीक हाय, फेक!” सारं समाजमंदिर उसळलं, भाऊ. एक बुढी उठली आन तिनं टीव्हीवरच्या विलनले चप्पल फेकून मारली. मले काय मालूम का खरा मुनशी मांगं बसून आपलाच पिच्चर पाहून राह्यला!

तो उठला तो लाठी घेऊनच. संगं त्याचे दोन मानसं. पह्यल्या फटक्यात त्यानं माया बाजूचा बाक फोडला. दुसरा माया डोक्यावर होता. तुमी घोंगडी फाडून आत आले, हातात जनरेटरचं लोखंडी हँडल. माया अंगावर पडले आन लाठी तुमच्या पाठीवर बसली. असा आवाज झाला का तो आवाज मले आजई काढता येत नाई. मंग तुमी उठले. मुनशीच्या गुडघ्यावर एक, त्याच्या मानसाच्या मनगटावर एक. लाठी खाली पडली ती त्या बुढीनं उचलली आन मंग तं गावानंच हिशेब घेतला. तुमी टीव्हीसमोर हँडल धरून उभे, “मारा एकमेकायले पाहिजे तेवढं, टीव्हीले हात लावला तं हात इथीच ठेवून जा लागन!”

घरी आल्यावर तुमच्या घरच्या कुसुमबाईनं तुमच्या पाठीले गरम हळद लावली. पाठ वांग्यावानी काळीनिळी. मी कोपऱ्यात बसून इचार करून राह्यलो का आता काय मनू, ‘उपकार झाले’ मनू का पायाले हात लावू. तितक्यात तुमीच मान वळवून मनलं, “मुनशीचा आवाज जरा अजून नाकातून पायजे होता.”

मनून ते राहूनच गेलं.

मंग टावर आला. आधी मेमरी कार्ड आलं, मंग टावर, मंग पोट्ट्यायच्या हातात मोठे फोन. जो तो झाडाखाली मान खाली घालून बसे, एकाच पारावर पाच जनं पाच पिच्चर पाहून राह्यले. कोनी कोनासंग हासून नाई राह्यला. मी तुमाले सांगतलं, “भाऊ, कार्ड भरून द्या तुमीई. बसस्टँडवरचा मोबाईलवाला चा पिऊन होत नाई तितक्यात ढीगभर पिच्चर भरून देते.”

“पिच्चर का युरिया हाय का बे, बोरीत भराले?”

“लोकायले तेच पायजे ना.”

“मंग वापस कवा आनून देतेत ते?”

“वापस काऊन आनन? त्याचंच होऊन जाते ते.”

“मंग तो पाहात नाई,” तुमी मनलं. “जे वापस द्या लागते ना, तेच मानूस नीट पाह्यते. घरात पडून हाय ते कोनी पाह्यते का? तू तुया बुढ्याच्या तोंडाकडं शेवटचं कवा पाह्यलं, सांग.”

“माया बुढा का वापस द्याचा हाय का?”

थाप्प! हे भांडन तिथंच राह्यलं, भाऊ. मले अजूनई वाटते तुमी चुकत होते. फोनवर पाह्यलेला एकई पिच्चर मले आठवत नाई, हे खरं हाय. तुमच्या एकेका डीव्हीडीवर ओरखडा कुठी होता तेई आठवते, हेई खरं. पन दुकान असं चालते का? तुमचं तं नाईच चाललं. रॅकवर धूळ बसली. आठवड्यात एक गिऱ्हाईक ये, तेई तहसीलचा पत्ता इचाराले. तुमी मात्र रोज सकाळी एकेक डीव्हीडी फडक्यानं पुसत, उन्हाकडं धरत, छेदातून पाहात. कोनी खरवडलीच नाई तरी पाहात.

तेच मी उचललं. खरं सांगतो, मायात पाप नोतं. रील बनवली. डोळा मिटला, छेदातून पाह्यलं, “कोन खरवडलं रे हे?” आन थाप्प. मले वाटलं तुमी हासान, मंग मारान, मंग सारं पह्यल्यासारखं होईन. रील अशी पसरली का गडचांदूरहून मावसभावाचा फोन आला, “एकदा फोनवर करून दाखव ना बे!” मी बसमधी केलं, लग्नात केलं, पोळ्याले केलं. मले हारतुरे भेटले. पन तुमच्याजवळ बटनाचा फोन, भाऊ. तुमी ती रील कवा पाह्यलीच नाई. तुमाले फक्त पोट्टे आयकू आले. शाळा सुटली का दुकानासमोर थवा उभा राहे, “कोन खरवडलं रे हे?” आन पळून जाये. तुमी काठी घेऊन मांगं धावत, आन मांगून दुसरा थवा वरडे.

मले थांबवता आलं असतं त्यायले. एका शब्दात. मी पानठेल्यावरून पाहात होतो, आन कोनाचा आवाज जास्त जमला त्याले मार्क देत होतो.

त्या बाजाराच्या दिवशी तुमच्या हाताले जे लागलं ते तुमी फेकलं. लागली डीव्हीडी. गरगरत गेली, उन्हात चमकली, आन एका पोट्ट्याची भुवई फाडून गेली. पोट्ट्याचा डोळा रक्तानं भरला. तो आंधळ्यावानी दोन्ही हात पुढं करून वरडत सुटला. डोळा वाचला त्याचा, मंग समजलं. पन तवा कोनाले मालूम? बाजारात त्याचे काका-मामा होते. एकाच्या हातात बंडीची खुंटी, एकाच्या हातात सब्बल.

पह्यला घाव काउंटरच्या काचंवर. दुसरा टीव्हीवर, तोच टीव्ही जो मी मांडीवर घेऊन फिरलो. रॅक ओढून पाडले. दहा वर्साचे पिच्चर खाली पडले आन त्याच्यावर लोक बुटानं नाचले. कडाकडा आवाज, जसं कोनी सुकी हाडं मोडून राह्यलं. डीव्हीडीची मशीन उचलून उंबरठ्यावर आपटली, तिचं पोट फुटून तारा भायेर आल्या. तुमी मधात उभे, दोन्ही हात पसरून. कोनीतरी तुमाले ढकललं, तुमी पडले, उठले, परत हात पसरले.

आन मी काय करत होतो? मी फोन वर धरून शूटिंग करत होतो, भाऊ. नुसती शूटिंग असती तरी मी आज सोताले माफ केलं असतं. मी संगं बोलतई होतो. तुमच्या आवाजात. “ए माया हीरोईनले मारू नका बे! ए विलन, डिपॉझिट ठेव आधी!” बाजूचे लोक पोट धरून हासत होते. मले थांबताच नाई आलं. हासू आलं का मी वाहावत जातो, तुमाले मालूम हाय.

गर्दीतून तुमाले तुमचाच आवाज आयकू आला. तुमी वळले. तोडफोड सोडून सरळ मायाजवळ आले, काचंवरून, अनवानी. थाप्प.

दहा वर्साची सवय होती मले. दुकानात असती तं मी गाल चोळत दुसरा जोक केला असता. पन त्या दिवशी समोर लोक होते, आन लोक मले हासले. मायावर. मी बुक्का मारला. पुऱ्या ताकदीनं, तुमच्या तोंडावर. ओठ फाटला, समोरचा दात तुटून माया सदऱ्यावर उडाला. तुमी पडले नाई. मायाकडं पाहात राह्यले, रक्त गिळलं, आन जाऊन शटर ओढलं. शटर वाकलं होतं, अर्ध्यावरच अटकलं. तुमी वाकून आत गेले.

माया अंगठा पंधरा दिवस सुजून होता. लोकायले सांगतलं, गाडीवरून पडलो.

मंग आठ महिने. तुमच्या घरून जोरात आवाज देल्ला तं माया घरी आयकू ये, इतकं अंतर. मी तुमच्या गल्लीतून जानं सोडलं, तळ्याकडून फिरून जाये. पह्यला महिना मनलं, राग उतरू दे. दुसऱ्या महिन्यात मनलं, आता उतरलाच असन. मंग मनलं, आता इतके दिवस झाले, आता काय तोंड घेऊन जाऊ? आंघोळीच्या बादलीसमोर माफी मांगून पाह्यली. हीरोच्या आवाजात मांगली, विलनच्या मांगली, मुनशीच्याई मांगली. बादलीनं माफ केलं. तुमच्यापर्यंत नाई आलो.

आन तुमी छाती धरून बाजंवर बसले, ते बसलेच. हे बरोबर नाई भाऊ. तुमची पाळी होती माराची. असं मधातून उठून कोनी जात नाई.

तुमच्या पुण्यानुमोदनाले मी आलो. अंगनात मंडप, तुमचा फोटो, मेनबत्त्या. वंदना झाली, मंग भाषनं. गुरुजी मनले मनमिळाऊ. सरपंच मनले हसतमुख. मले आतून चीड येऊन राह्यली होती. कोनीतरी मांगून बोललं, “अरे कॅसेट, तूई बोल ना दोन शब्द. तू तं त्याईच्या संगं राहे.” आन माइक हातात आला.

मी तुमचा आवाज काढला. तुमी गिऱ्हाइकाले कसे झिडकारत, टीव्हीसमोर हँडल घेऊन कसे उभे राह्यले, ‘पिच्चर का युरिया हाय का बे’, सारं. लोक डोळे पुसत पुसत हासले. तुमीच मंडपात आल्यावानी झालं. आन मंग, भाऊ, तो आवाज मायाकडून थांबलाच नाई. तो बोलून गेला, “आन हे कॅसेट! बुक्का मारला मले यानं. पन जाऊ द्या. पोट्टं हाय. मी माफ केलं बे त्याले.”

गुरुजी हुंदका देऊन रडले. कोनी टाळ्या वाजवल्या. मायं अंग असं हलकं झालं का काय सांगू. खरंच वाटलं, तुमीच बोलले.

जेवनं सुरू झाली तवा कुसुमबाईनं मले घरामांगं बोलावलं, जिथी चुलीवर भाताचा गंज होता. पांढरं लुगडं, डोळे कोरडे.

“तुले कोनी सांगतलं?”

“काय बाई?”

“त्याईनं माफ केलं मनून.”

मी चुलीतलं लाकूड उगाच आत सारलं.

“नाई केलं. मरेपर्यंत नाई केलं. आठ महिने समोरच्या दातानं काई तोडता ये नाई, आंबा सोडून देल्ला त्याईनं. आन तू गावासमोर त्याईच्या तोंडून तुयीच माफी घेऊन मोकळा झाला? जित्तेपनी आवाज नेला त्याईचा, त्यानं पोट नाई भरलं तुयं?”

“बाई, चुकलं मायं—”

“चूप! मायं बोलनं झालं नाई. वाट पाहात होते ते तुयी. माफ कराले नाई, शिव्या द्याले. रोज जेवताना मले आयकवत, तो आला का हे मनतो, आला का ते मनतो. मी मने, जाऊन देऊन या ना एकदाच्या. तं मनत, मी काऊन जाऊ, येईन तो. तू आलाच नाई. आता त्याईच्या त्या साऱ्या शिव्या माया डोक्यात राह्यल्या. मी कोनाले देऊ त्या?”

“मले द्या,” मी मनलं.

त्याईनं हात पदराले पुसले. माया समोर येऊन उभ्या राह्यल्या. आवाज बदलला नाई, तुमच्यासारखा डोळा मिटला नाई, काई नाई. आपल्याच साध्या आवाजात बोलल्या:

“ए कॅसेट. इतके मारधाडीचे पिच्चर दाखवले तुले, आन तुले बुक्का मारता नाई आला? अंगठा मुठीच्या आत घालून मारते का कोनी, गध्या? मायं काय, एक दात गेला. तुया अंगठा मोडला असता मंजे? दाखव हात. वळ मूठ. अशी नाई. अंगठा भायेर. भायेर मनलं ना! वळ आता, माया समोर वळ!”